उघडी वही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही कार्यकारी समितीचे आभारी आहोत. आम्ही वक्ते नव्हे, आणि अर्थशास्त्राचे पंडित तर नव्हेच. एका बँकेच्या खिडकीमागे चौतीस वर्षे बसून लोकांचा पैसा मोजण्यात आमचे आयुष्य गेले. त्या काळात जे पाहिले, आणि आमच्या स्वतःच्या घरात जे फार उशिरा कळले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

थोड्या वेळापूर्वी आपल्या खजिनदारांनी गेल्या वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविला. आरंभीची शिल्लक, वर्गणी, देणग्या, शिष्यवृत्त्या, सभागृहाची दुरुस्ती, छपाई, टपाल आणि अखेरची शिल्लक, असे सारे ओळीने वाचले गेले. मागच्या रांगेतील एका सद्गृहस्थांनी उठून छपाईचा खर्च का वाढला, असे विचारले. खजिनदारांनी कागदाचे भाव सांगितले, सभेचे समाधान झाले आणि हिशेब मंजूर झाला. कोणी रागावले नाही, कोणाचा अपमान झाला नाही. त्या वेळी आमच्या मनात आले की, येथे बसलेल्यांपैकी किती घरांत असा हिशेब वर्षातून एकदा तरी वाचला जात असेल? मंडळाच्या शंभर रुपयांचा जाब आपण चारचौघांत विचारतो. परंतु आपल्याच घरात ठेव किती, कर्ज किती, आपण कोणास जामीन राहिलो आहोत, हे पत्नीस ठाऊक नसते, मुलांस ठाऊक नसते, आणि कित्येकदा पतीसही ठाऊक नसते. घरातील पैसा आणि त्याभोवतीचे मौन, हाच आमचा आजचा विषय आहे.

काटकसर करावी, अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, हा उपदेश ह्या व्यासपीठावरून पुष्कळदा झाला असेल. तो खोटा नाही. परंतु आमचा अनुभव असा की, आपल्यासारखी नोकरदार आणि लहान व्यापार करणारी कुटुंबे उधळपट्टीने जितकी अडचणीत येतात, त्याहून अधिक न बोलण्याने येतात. हे न बोलणे लबाड माणसांचे असते असे नाही. बहुधा ते चांगल्या, सरळ आणि घरावर जीव लावणाऱ्या माणसांचे असते. म्हणूनच त्याचा दोष कोणास दिसत नाही.

ह्यास आमच्याच घरचा दाखला देतो. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, ते २००९ साली हृदयविकाराने अकस्मात गेले. माणूस निर्व्यसनी, नेटका. बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचाही खर्च वहीत टिपून ठेवणारा. ही सवय आमच्या वडिलांची. वडील रोज दिवेलागणीनंतर रोजकीर्द लिहीत आणि वही ट्रंकेत ठेवून ट्रंकेस कुलूप लावीत. दादांनी लिहिण्याची सवय उचलली, आणि कुलपाचीही उचलली.

तेरावा झाल्यावर आम्ही वहिनींबरोबर कागदपत्रे पाहावयास बसलो. कोणत्या बँकेत काय आहे, हे वहिनींस सांगता येईना. जुन्या पावत्यांवरून शोधता शोधता सात ठेवी निघाल्या. चार दोघांच्या नावे होत्या. त्यांची अडचण आली नाही. दोन एकट्या दादांच्या नावे होत्या आणि त्यांवर कोणाचेच नामनिर्देशन नव्हते. त्यांसाठी सर्व वारसांच्या सह्या लागल्या. आमच्या वृद्ध आईचीही सही घ्यावी लागली, तेव्हा मुलाच्या मालमत्तेत आईचाही वाटा असतो, हे त्या माउलीस प्रथमच कळले. सातवी ठेव सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी. दादांनी ती लग्नापूर्वी, १९८५ साली ठेवलेली होती आणि मुदत संपेल तशी पुढे चालविली होती. तिच्यावर नाव होते आमचे. त्या काळी घरात धाकटे आम्ही, शिकत होतो, म्हणून ते घातले असावे. पुढे लग्न झाले, मुले झाली, आणि ते बदलावयाचे राहून गेले.

म्हणजे दादांच्या संसारातील सर्वांत मोठी रक्कम नियमाप्रमाणे आमच्या हाती यावयाची होती, आणि हे वहिनींस आमच्याच तोंडून कळावयाचे होते. आम्ही ते सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही आजवर विसरलो नाही. आमच्याविषयी संशय होता म्हणावे, तर तसे नव्हे. बावीस वर्षे ज्यांच्याबरोबर संसार केला, त्यांनी ह्या कागदावर आपले नाव घातले नाही, एवढेच त्या पुनःपुन्हा वाचीत होत्या. रक्कम मिळताच आम्ही ती त्यांच्या खात्यावर भरली. पण तो क्षण आम्हांस भरून देता आला नाही. आम्ही स्वतः बँकेत बसणारे! दादांस आम्ही ह्याविषयी कधी विचारले नव्हते. थोरल्या भावास पैशाचे विचारणे आमच्या घरात उद्धटपणाचे समजले जाई.

पुढे अकरा महिन्यांनी एक नोटीस आली. दादा आपल्या एका स्नेह्याच्या कर्जास जामीन राहिले होते, आणि स्नेह्याचे हप्ते थकले होते. आपल्याकडे जामीन राहणे म्हणजे कोणाच्या शब्दाखातर एक सही करणे, असे समजतात. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम तसे समजत नाही. करारात वेगळे ठरले नसेल, तर मूळ ऋणकोची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. आणि झालेल्या कर्जापुरती ती जामीनदाराच्या मृत्यूनंतरही त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर राहते. त्या सहीपायी ठेवींचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. वहिनी रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भावोजी, ह्यांनी एकदा सांगितले असते, तर मी का नको म्हटले असते? निदान मला ठाऊक तरी असते.”

दुसरी गोष्ट आईची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून काढल्याचे जाहीर झाले, हे आपणांस स्मरत असेलच. ३० डिसेंबरपर्यंत त्या बँकेत भरावयाच्या होत्या. आम्ही त्या दिवसांत खिडकीमागेच होतो. त्या पन्नास दिवसांत महाराष्ट्रातील घरांचे जे अंतरंग आम्ही पाहिले, ते कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. तांदळाच्या डब्यातील, देव्हाऱ्यामागील, जुन्या पैठणीच्या घडीतील पैसा बाहेर आला. किती तरी वृद्ध स्त्रिया मुलास किंवा सुनेस बरोबर न आणता एकट्या येत, आणि हळूच म्हणत, “घरी कळवू नका हो.” एका रात्री आम्ही घरी परतलो, तो आमच्या ऐंशी वर्षांच्या आईने मेथीच्या डब्यातून एक पुरचुंडी काढून आमच्यापुढे ठेवली. पाचशेच्या सदतीस नोटा होत्या. साडेअठरा हजार रुपये. हे कशासाठी, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “माझ्या शेवटच्या खर्चासाठी रे. तुम्हांला तोशीस नको.” त्याच आईने त्या वर्षी डोळ्यांची शस्त्रक्रिया ‘पुढे बघू’ म्हणून लांबविली होती. आमच्यावर खर्च पडू नये म्हणून!

सभ्य गृहस्थहो, ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. एकाने कर्ज लपविले, दुसरीने शिल्लक लपविली. दोघांचा हेतू एकच: घरच्यांस काळजी नको. दोघांच्याही मौनाची किंमत घरच्यांनीच दिली. आपल्या घरांतील पैशाचे मौन हे असे आहे. ते प्रेमातून आणि मानातून जन्मते. म्हणून ते मोडताना आपण प्रेम मोडतो आहो की काय, असे वाटते. तसे नाही, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हे दोनचार घरांपुरते आहे, असे कोणी समजू नये. दहा वर्षे ज्या ठेवीकडे कोणी फिरकत नाही, ती रक्कम बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करावयाची, अशी व्यवस्था २०१४ सालापासून आहे. मार्च २०२४ अखेर ह्या निधीत सुमारे ७८ हजार कोटी रुपये साचले होते. हा सारा पैसा कोणी ना कोणी कष्टाने मिळविलेला आहे. त्यातील बराचसा केवळ घरच्यांस ठाऊक नसल्यामुळे तेथे पडून असला पाहिजे, असे आमचा अनुभव सांगतो. सुदैवाने तो बुडत नाही. वारसांस तो मागता येतो, आणि शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाची सोय संगणकावर करून दिली आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस गेले असेल, त्यांनी एकदा तेथे नाव घालून पाहावे.

नामनिर्देशनाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव ज्याचे, पैसा त्याचा, असे बहुतेकांस वाटते. बँकेतील ठेवीच्या बाबतीत ते खरे नव्हे. ज्याचे नाव असते त्याच्या हाती बँक पैसे देते. मालकी मात्र वारसांची असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. विम्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली असाच निर्णय दिला होता. पुढे २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आईवडील, पती अथवा पत्नी आणि मुले ह्यांची नावे असल्यास पैसा त्यांचाच, असे ठरले. बँकेतील ठेवीस १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावे देता येतात. लहान व्यापार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. त्याच्या ६ व्या कलमाखाली पत्नीच्या आणि मुलांच्या नावे पतीने विमा उतरविला, तर सावकारांस त्यावर सहसा हात टाकता येत नाही. दीडशे वर्षांचा हा कायदा. पण त्याचा लाभ विमा घेतेवेळीच लिहून घ्यावा लागतो, हे ठाऊक असलेली माणसे आम्हांस फार थोडी भेटली.

आता लग्नकार्याकडे वळू. आपल्या ज्ञातीत हुंडा घेणार नाही व देणार नाही, असे ठराव झाले, आणि ते पुष्कळ अंशी पाळलेही जातात. परंतु हुंड्याची जागा हळूहळू सभागृहाने, सजावटीने आणि जेवणावळीने घेतली आहे. येथेही आम्हांस खर्चापेक्षा मौनाचेच अधिक वाटते. मुलीचा बाप कर्ज काढतो आणि मुलीस सांगत नाही. पाच लाखांचे कर्ज द.सा.द.शे. १२ दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ११,१२० रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण ६ लाख ६७ हजार फेडावे लागतात. क्रेडिट कार्डावरची बाकी दरमहा साडेतीन टक्क्यांनी राहू दिली, तर वर्षाअखेर ती दीडपट होते! हे आकडे त्या मुलीपुढे मांडून, “बाळ, ह्यातले तुला काय हवे?” असे विचारले, तर किती मुली त्या सजावटीसाठी हट्ट धरतील? आमच्या पाहण्यातील एका घरात असे विचारले गेले. मुलगी म्हणाली, “बाबा, नोंदणी पद्धतीने करू आणि घरच्यांचे जेवण करू.” ह्याउलट लग्नानंतर तीन वर्षांनी वडिलांच्या कर्जाची बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळलेली मुलगीही आम्ही पाहिली आहे. तिला आपल्या लग्नाचे फोटो बघवत नाहीत.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एक भगिनी आम्हांस म्हणाल्या, “वही उघडी ठेवा म्हणता, म्हणजे भाजीच्या पैशांचा जाब आम्ही रोज द्यायचा, असेच ना?” पुष्कळ घरांत हिशेब म्हणजे मिळवत्याने दुसऱ्यांस विचारावयाचा जाब, असाच अर्थ झालेला आहे. अशा घरात स्त्रीने चार पैसे डब्यात दडविले, तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून आम्ही दोन पथ्ये सुचवितो. पहिले, जो अधिक मिळवितो त्याने आपली वही आधी उघडावी. हिशेब मागण्यापूर्वी हिशेब सांगावा. दुसरे, घरातील प्रत्येकास, वृद्ध आईवडिलांसही, दरमहा काही रक्कम अशी असावी की जिचा हिशेब कोणी विचारू नये. आणि स्त्रीधन हे स्त्रीचेच. ते वहीत लिहिल्याने कोणाचे होत नाही.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? दिवाळीत आपल्यातील व्यापारी मंडळी वहीपूजन करतात. नोकरदार घरांतही लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर पासबुक ठेवण्याची चाल आहे. पूजा होते, प्रसाद वाटला जातो, आणि पासबुक कपाटात जाते. आमची विनंती एवढीच की, पाडव्याच्या दिवशी ते वाचावेही. ओवाळणीनंतर घरातील सर्वांनी तासभर एकत्र बसावे. साध्या दोनशे पानी वहीची पहिली पाच पाने पुरेत. पहिल्या पानावर घरातील ठेवी, पोस्टातील खाती, भविष्यनिर्वाह निधी, विमा, आणि प्रत्येकावर कोणाचे नाव आहे ते. दुसऱ्यावर कर्जे: मुद्दल किती, हप्ता किती, केव्हा फिटणार. तिसऱ्यावर आपण कोणास जामीन आहोत, कोणाचे हातउसने घेतले आहेत, कोणास दिले आहेत. भिशी लावली असेल तर तीही. चौथ्यावर कागदपत्रे कोठे आहेत, मृत्युपत्र केले असल्यास कोणापाशी आहे. पाचव्यावर पुढल्या वर्षाचे मोठे खर्च: मुलांचे शिक्षण, एखादे कार्य, आजारपण. गुप्त शब्द आणि आकडे त्यात लिहू नयेत. मात्र काय आहे आणि कोठे आहे, ते लिहावे. दरवर्षी पाडव्याला ती पाने नव्याने लिहावी, आणि जुनी नावे बदलली की नाही ते पाहावे.

रोजचा खर्च लिहिण्याची सवय आता सुटली आहे. मोबाइलवर बोट टेकले की पैसा जातो. नोट हातातून सुटताना जी किंचित हुरहुर वाटे, तीही गेली. परंतु त्याच मोबाइलमध्ये प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप होते. आमचे वडील जे रोज अर्धा तास बसून लिहीत, ते आज फुकट लिहून मिळते. उणीव आहे ती महिन्यातून एकदा दोघांनी मिळून वाचण्याची.

मुलांस हे सांगावे काय? आमच्या मते बारा-तेरा वर्षांच्या मुलास सांगावे. पगाराचा आकडा नाही सांगितला तरी चालेल. पण हप्ता म्हणजे काय, आणि या महिन्यात अमुक वस्तू का घेतली नाही, हे सांगावे. ‘आपल्याला परवडत नाही’ हे वाक्य आईबापांनी लाजून म्हटले, तर मूल पैशास लाजावयास शिकते. सहज म्हटले, तर ते व्यवहार शिकते.

शेवटी ज्ञातिसंस्थांविषयी एक शब्द. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०६ साली मुंबईत रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी ह्यांनी आपल्या चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील बांधवांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापिली. १९१८ साली सारस्वत सहकारी संस्था निघाली. पुढे दोहोंच्याही मोठ्या बँका झाल्या. आरंभी मात्र ती थोडक्या पगारदार माणसांची मंडळे होती. अडलेला माणूस सावकाराच्या दारी गुपचूप जाण्याऐवजी आपल्याच माणसांपुढे आपली गरज उघडपणे मांडू लागला, हे त्यांचे मोठे कार्य. ‘मला गरज आहे’ असे म्हणण्याची लाज त्यांनी कमी केली. आपल्या मंडळाकडेही विद्यार्थी साहाय्यक निधी आहे. गेल्या वर्षी त्याचे अर्ज अपेक्षेपेक्षा फार थोडे आले, असे चिटणीस सांगतात. ज्ञातीत गरज नाही असे नव्हे. अर्ज केला तर लोकांस कळेल, ही भीती आहे. समितीने अर्जदारांची नावे अहवालात छापू नयेत, अशी आमची सूचना आहे. आणि ज्या पालकांस गरज आहे, त्यांनी आपल्या मुलाच्या शिक्षणापेक्षा आपला संकोच मोठा मानू नये, ही प्रार्थना आहे.

आमच्या आईची ती साडेअठरा हजारांची रक्कम आम्ही तिच्या नावे बँकेत भरली. पुढल्या महिन्यात तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, ती आमच्या पैशाने. वहिनी आता आपल्या घरची वही स्वतः लिहितात. दर पाडव्याला दोन्ही मुलांस आणि सुनेस समोर बसवून ती मोठ्याने वाचतात. गेल्या वर्षी आम्हांसही बोलाविणे आले होते. वाचन संपल्यावर धाकट्याने विचारले, “आई, यंदा दुधाचा खर्च एवढा कसा?” आणि सारे हसले.

आपल्या प्रत्येकाच्या घरी येत्या पाडव्याला असा एक प्रश्न विचारला जावो आणि त्यास असेच उत्तर मिळो, एवढीच आमची इच्छा आहे.